घाम कुणाला येत नाही?

२ जानेवारी २०२४ रोजी मुख्य कार्यालयाकडून माझ्या नावाची ‘कारणे दाखवा’ नोटीस आली आणि तिची आवक नोंद मलाच करावी लागली. रत्नागिरीतील एका निमसरकारी कार्यालयात मी आवक-जावक लिपिक आहे. डिसेंबर महिन्यात अकरा दिवस माझी हजेरी बायोमेट्रिक यंत्रावर वेळेत नोंदली गेलेली नाही, तरी त्याबाबतचा खुलासा सात दिवसांत सादर करावा, असा नोटिशीचा मजकूर होता. त्या अकराही दिवशी मी पावणेदहाच्या आत यंत्रासमोर उभी होते. अंगठा टेकवायचा, यंत्राने लाल दिवा दाखवायचा, रुमालाने अंगठा आणि यंत्राची काच दोन्ही पुसायची आणि पुन्हा टेकवायचा, असे पाचसहा वेळा झाले की मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होई, ती कानावर आली की तळहात आणखी निथळू लागत आणि मी ‘तुम्ही घ्या आधी’ म्हणून बाजूला होई. रांग संपल्यावर, पंख्याखाली हात धरून, दहा वाजून गेल्यानंतर कधीतरी हिरवा दिवा लागे. हे सगळे खुलाशात मांडायचे तर पहिले वाक्य ‘मला घाम येतो’ असे लिहावे लागणार होते, आणि कोकणात राहून ते कोणत्या तोंडाने लिहावे हे मला सुचेना.

आमच्याकडे घाम हे मुळी गाऱ्हाणेच नाही. उन्हाळ्यात आणि पुन्हा ऑक्टोबरात किनाऱ्यावरचा प्रत्येक माणूस घामाघूम असतो, एसटीत शेजारी बसलेल्याचा शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. त्यामुळे लहानपणापासून मी जेव्हा जेव्हा हात पुढे करून दाखवले, तेव्हा ‘घाम कुणाला येत नाही?’ हे एकच उत्तर मिळत आले. जानेवारीतल्या पहाटे घरातले सगळे शाल पांघरून चुलीपाशी बसलेले असताना माझ्या बोटांच्या टोकांवरून थेंब गळत, ही गोष्ट त्या उत्तरात कुठेच बसत नव्हती.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत, चौथीत असल्यापासूनचे मला आठवते. हाताखालचे पान ओले होऊन फुगायचे, शाई फुटायची आणि बाई वही उचलून ‘पाणी सांडलेस का?’ असे विचारायच्या. आजीच्या मते ती अंगातली उष्णता होती, म्हणून सब्जा, आवळा आणि धण्याजिऱ्याचे पाणी झाले. नंतर ती मला तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसवू लागली. २००५ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा मी उत्तरपत्रिकेवर घडी घातलेला टॉवेलचा तुकडा ठेवून आणि त्यावर मनगट टेकवून दिली, आणि दर वर्गात नव्या पर्यवेक्षकाला त्या तुकड्याची घडी उलगडून दाखवली.

तेरा वर्षांची असताना गौरी जागवण्याच्या रात्री चुलत बहिणीबरोबर माझी फुगडी ऐन रंगात आली होती. माझा हात सुटला, ती ओटीच्या खांबावर आदळली आणि तिच्या भुवईला तीन टाके पडले. मला कुणीही रागावले नाही. उलट टाके घालून घरी आल्यावर ती हसतच म्हणाली, ‘हात हाय का बांगडा?’ सगळे घर हसले, मीही हसले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक गौरीला मला फुगडीच्या वेळी चक्कर येऊ लागली.

चक्कर अर्थातच येत नव्हती. पण ओल्या हातापेक्षा अशी कारणे शोधण्यातच माझी जास्त शक्ती जाते, हे कळायला मला पुढे वीस वर्षे लागली. दिवसाला पाच सुती रुमाल, गडद रंगाचेच ब्लाउज, सुटे पैसे हातावर न ठेवता काउंटरवर ठेवणे, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी नेमके डोके दुखणे, कारण दुसरीच्या कपाळावर टेकवलेल्या माझ्या बोटाचे कुंकू ओघळत असे. २००९ मध्ये एका खाजगी दवाखान्यात धीर करून विचारलेही होते. तिथल्या डॉक्टरांनी माझे हात न पाहताच सांगितले की समुद्राकाठी राहता, घाम येणारच, पावडर लावा. त्यानंतर चौदा वर्षे मी कोणत्याही डॉक्टरांना विचारले नाही.

नोटिशीच्या खुलाशात मी अखेर ‘यंत्रातील तांत्रिक अडचण’ असे लिहिले. तो मान्य झाला नाही आणि माझ्या तीन किरकोळ रजा कापल्या गेल्या. आस्थापना शाखेतील सहकाऱ्याने सुचवले की यंत्र आधारशी जोडलेले आहे, तेव्हा आधारमधले ठसेच अद्ययावत करून घ्यावेत. २४ जानेवारीला अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी आधार केंद्रावर गेले. शुल्क तेव्हा १०० रुपये होते. यंत्र चालवणारा मुलगा पंचविशीचा असेल. त्याने माझी बोटे एकेक करून पुसली, टेबलावरचा छोटा पंखा माझ्या हाताकडे वळवला, तीनदा प्रयत्न केला, बुबुळांची प्रतिमा घेतली आणि पोचपावती देताना अगदी सहज म्हणाला, ‘ताई, हे ठशाचं नाहीये, घामाचं आहे. असे लोक येतात आमच्याकडे. स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, औषध असतं.’ माझ्या हाताला काहीतरी नाव आणि पत्ता असू शकतो, असे मला सांगणारा तो पहिला माणूस होता. नवव्या दिवशी आधार अद्ययावत झाल्याचा संदेश आला आणि दहाव्या दिवशी कार्यालयातल्या यंत्राने मला पुन्हा लाल दिवा दाखवला. (ज्यांची अशीच अडचण असेल त्यांनी आधारच्या कामांत अंगठ्यावरच अडून राहू नये, जिथे मोबाईलवर येणारा ओटीपी किंवा बुबुळाचे यंत्र चालते, तिथे ते आवर्जून मागावे.)

७ फेब्रुवारीला, बुधवारी, मी सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेले. साडेआठला रांगेत उभी राहिले तेव्हा माझ्यापुढे बावीस माणसे होती. केसपेपरला पैसे लागले नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झालेले आहेत, हे मला त्या खिडकीवरच कळले. केसपेपर माझ्या हातात दहा मिनिटे राहिला आणि डॉक्टरांच्या टेबलावर पोचेपर्यंत त्याची एक कड विरून गेली होती. ती मी अंगठ्याखाली लपवत होते. डॉक्टर बाईंनी ती कड पाहिली, पेन खाली ठेवले आणि ‘दोन्ही हात दाखवा’ असे म्हणाल्या.

त्यांनी विचारलेले प्रश्न मी लिहून ठेवले आहेत, कारण इतक्या वर्षांत ते मला कुणी विचारले नव्हते. घाम दोन्ही हातांना सारखाच येतो का? सुरुवात पंचविशीच्या आत झाली का? आठवड्यातून एकदा तरी असे होते का, आणि सहा महिन्यांहून जास्त काळ चालले आहे का? घरात आणखी कुणाला आहे का? (वडील आयुष्यभर उपरण्याने हात पुसत असत, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले.) झोपेत येतो का? या शेवटच्या प्रश्नावर मी अडखळले, म्हणून शेजारी बसलेल्या नवऱ्याने उत्तर दिले, ‘झोपल्यावर तिचे हात कोरडे असतात.’ मला स्वतःला हे माहीत असण्याचे कारणच नव्हते. डॉक्टरांनी सांगितले की हाच मोठा दुवा आहे. रात्री झोपेत अंग भिजत असेल, वजन घटत असेल, बारीक ताप असेल, तर क्षय, थायरॉइड, मधुमेह अशा मागच्या आजाराचा शोध घ्यावा लागतो. पण लहानपणापासून दोन्ही बाजूंना सारखा येणारा आणि झोपेत थांबणारा घाम हा बहुधा स्वतंत्र विकार असतो आणि त्याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. तरीही त्यांनी थायरॉइड, साखर आणि रक्ताच्या साध्या तपासण्या लिहून दिल्या. १२ तारखेला त्यांचे अहवाल आले आणि सगळे ठीक निघाले.

मी कोकणच्या हवेचा विषय काढला तेव्हा त्या हसल्या. अंगाचा घाम मुख्यतः उष्म्याने येतो, पण तळहात-तळपायांचा घाम मनावरच्या ताणाला जास्त जुमानतो, असे त्यांनी समजावले. म्हणून मी महाबळेश्वरला राहिले असते तरी वही भिजलीच असती. घामाच्या ग्रंथींमध्ये दोष नसतो, त्यांना हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंचा उत्साह जास्त असतो. पुढच्या खेपेला त्यांनी आयोडीन-स्टार्चची चाचणी केली. आयोडीनची ॲलर्जी नाही ना, हे आधी विचारून माझ्या डाव्या तळहाताला आयोडीन लावले, ते वाळल्यावर वरून कॉर्नफ्लोअर भुरभुरले आणि आम्ही पाहत बसलो. आधी टिंबे उठली, बोटांच्या पेरांवर, निळीजांभळी. मग ती एकमेकांत मिसळली आणि दोन मिनिटांत अख्खा तळहात जांभळाच्या डागासारखा काळानिळा झाला, तर मनगटापाशी रेघ ओढल्यासारखी सीमा होऊन वरची कातडी पिवळसरच राहिली. जे लपवण्यात माझी शाळा, कॉलेज आणि नोकरी गेली, ते मी पहिल्यांदा धडपणे पाहत होते. मला रडू आले नाही. उलट कुणाला तरी फोटो पाठवावासा वाटला.

पहिला उपाय ॲल्युमिनियम क्लोराइडच्या २० टक्के द्रावणाचा होता, बाटली ३८० रुपयांची. आजीची तुरटीही ॲल्युमिनियमचाच क्षार, म्हणजे म्हातारी अगदीच चुकली नव्हती, हे मला फार बरे वाटले. द्रावण रात्री झोपताना पूर्ण कोरड्या हातांना आणि काखेत लावायचे आणि सकाळी धुवायचे असते. मी पहिल्या रात्री घाईने ओलसर हातांनाच लावले आणि तासभर मिरची चोळल्यासारखी आग सहन केली. ओलाव्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते, म्हणून ‘पूर्ण कोरड्या’ या शब्दांना अर्थ असतो. नंतर मी टेबलफॅनसमोर दहा मिनिटे हात धरून मगच लावू लागले. सहा आठवड्यांत काखेतला घाम निम्म्याने कमी झाला, तळहातांवर मात्र फारसा परिणाम झाला नाही. हाताची कातडी जाड असल्याने असे होते, असे डॉक्टर म्हणाल्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या सुरू झाल्या. घामाच्या ग्रंथींना निरोप पोचवणारे जे रसायन असते, त्याची वाट ही गोळी अडवते. पण तेच रसायन लाळेला, आतड्यांना आणि मूत्राशयालाही निरोप देत असल्यामुळे त्यांचीही वाट अडते. काचबिंदू किंवा लघवीला अडथळा असेल तर ती घेता येत नाही. डॉक्टरांनी मला दोनदा बजावले होते की उन्हाळा आहे, घाम हा शरीराचा पंखा आहे, तेव्हा गोळीचे प्रमाण स्वतःच्या मनाने वाढवू नका. हात पाचव्या दिवशीच बरेच कोरडे झाले, तोंड मात्र इतके सुकले की भाकरी ताकाशिवाय गिळेना.

त्याच सुमारास निवडणुकीच्या कामाचा आदेश आला. ७ मे २०२४ रोजी रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचे मतदान होते आणि राजापूर तालुक्यातील एका केंद्रावर माझी नेमणूक मतदाराच्या बोटाला शाई लावणे, नोंदवहीत सही घेणे आणि चिठ्ठी देणे या कामावर झाली. सातशेच्या वर अनोळखी माणसांचे हात माझ्या हातात येणार होते. वैद्यकीय कारणाने नाव वगळून घेण्याचा अर्ज मी लिहिला, पण ‘कारण’ या रकान्यापाशी येऊन तो फाडून टाकला. मग मी जो मूर्खपणा केला तो सांगते, कारण दुसऱ्या कुणी करू नये. मतदानाच्या दिवशी सकाळी सहाला मी एकीच्या जागी दोन गोळ्या घेतल्या आणि दुपारी बाराला आणखी एक. शाळेच्या पत्र्याखाली पंखा एकच होता आणि तो मतदान यंत्राच्या बाजूला. दीडच्या सुमारास माझे तोंड लालबुंद झाले, कानशिले तापली, अक्षरे पुसट दिसू लागली आणि बाकीच्यांचे कपडे पिळून काढण्यासारखे झालेले असताना माझ्या अंगावर घामाचा टिपूसही नव्हता. केंद्रावर असलेल्या आशा आरोग्यसेविका ताईंनी मला मागच्या वर्गात आडवे केले, मानेवर व काखेत ओली फडकी ठेवली आणि अर्ध्या तासाने मी उठून बसले. संध्याकाळी सहापर्यंत काम पुरे झाले, पण गोळीची किंमत मला त्या पत्र्याखाली कळली. त्या दिवशी बोटांवर सांडलेल्या शाईचे डाग पुढे कितीतरी दिवस मिरवावे लागले, ते वेगळेच.

गोळ्या बंद झाल्या. डॉक्टर रागावल्या, मग त्यांनीच कोल्हापूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. १४ जूनला मी पहाटेच्या एसटीने आंबा घाटातून गेले. महिलांना तिकीट निम्मे असल्यामुळे प्रवासाचा भार जाणवला नाही, घाटातल्या धुक्याने मात्र वाहन तासभर रखडले. तपासणीचे ६०० रुपये झाले. तिथे मला आजाराची तीव्रता मोजण्याची चार पायऱ्यांची पट्टी दाखवली गेली, ‘लक्षातही येत नाही’ पासून ‘असह्य, कायम रोजच्या कामात आड येतो’ पर्यंत. मी तिसऱ्या पायरीवर बोट ठेवले. मग निवडणुकीचा फाडलेला अर्ज आठवला आणि बोट चौथीवर सरकवले.

बोटॉक्सच्या इंजेक्शनांचा खर्च दोन्ही हातांना मिळून पस्तीस ते चाळीस हजार रुपये सांगितला गेला. तळहातावर टोचणे बरेच दुखते आणि परिणाम साधारण चारसहा महिनेच टिकतो, म्हणजे वर्षातून दोनतीनदा तेवढाच खर्च पुन्हा करायचा. मी नको म्हटले. छातीतील मज्जातंतूंची साखळी कापण्याची शस्त्रक्रियाही असते आणि तिने हात लगेच कोरडे होतात, पण पुष्कळांच्या बाबतीत तोच घाम पाठीवर, पोटावर, मांड्यांवर वाट काढतो आणि कापलेले पूर्ववत होत नाही. डॉक्टरांनी हे काहीही न लपवता सांगितले आणि विचारले, ‘तुमच्याकडच्या दमट हवेत पाठ भिजलेली चालेल का?’ हवेचा मुद्दा इथे प्रथमच कुणीतरी योग्य ठिकाणी काढला, असे मला वाटले.

उरला तो आयंटोफोरेसिसचा मार्ग. दोन उथळ ट्रेमध्ये साधे पाणी, तळाशी धातूच्या पट्ट्या, त्यांवर जाळी. एकेका ट्रेमध्ये एकेक हात ठेवायचा आणि पाण्यातून वीस मिनिटे अगदी सौम्य वीजप्रवाह सोडायचा. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा आणि परिणाम दिसल्यावर आठवड्यातून एकदा, असा क्रम असतो. गर्भवतींना, पेसमेकर किंवा शरीरात धातूचा भाग बसवलेल्यांना तो चालत नाही. अंगठी, बांगड्या, सगळे आधी उतरवावे लागते. मंगळसूत्र राहिले तरी चालते का, असे मी विचारले, तर ते पाण्यात बुडवणार नसाल तर राहू द्या, असे उत्तर मिळाले. दर खेपेस ५०० रुपये लागत होते. आठवड्यातून तीनदा घाट चढणे शक्य नव्हते, म्हणून अर्जित रजा टाकून मी दहा दिवस कोल्हापुरात मावसबहिणीकडे राहिले, चार बैठका तिथे घेतल्या, आणि जुलैच्या मध्यावर १३,५०० रुपयांना यंत्रच विकत घेतले. हा खर्च वैद्यकीय प्रतिपूर्तीत बसत नाही, असे लेखा शाखेने तीन आठवड्यांनी लेखी कळवले.

घरी पहिल्याच दिवशी यंत्र चालेना. कोल्हापुरात काटा १५ मिलिॲम्पिअरपर्यंत सहज जात होता आणि मनगटापर्यंत मुंग्या येत होत्या. घरी मात्र तो सहाच्या पुढे सरकत नव्हता. मी पट्ट्या घासल्या, पाणी बदलले, यंत्र परत करण्याची तयारीही केली. फोनवर डॉक्टरांनी विचारले, ‘पाणी कुठले?’ आम्ही शहराबाहेर राहतो, पाणी जांभ्यातल्या विहिरीचे आहे. ते म्हणाले की त्यात क्षार फार कमी असणार, म्हणून वीज वाहत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. सोडा टाकताच काटा चढला. ज्या पाण्याच्या गोडीचे आम्ही पाहुण्यांसमोर कौतुक करतो, तेच आडवे आले होते. आणखी दोन गोष्टी अनुभवाने कळल्या. हाताला कापले-खरचटले असेल तर त्या जागी आधी व्हॅसलीन लावावे, नाहीतर सुई टोचल्यासारखे होते. आणि प्रवाह चालू असताना हात पाण्यातून एकदम काढू नये, झटका बसतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधीही जाते आणि तेव्हाही तसाच झटका बसतो, म्हणून मी यंत्र इन्व्हर्टरवर घेतले.

आठव्या-नवव्या बैठकीनंतरचा एक दिवस मला नीट आठवतो. रविवार होता, बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी वर्तमानपत्राचे पान उलटले. कागदाचा आवाज आला. माझ्या हातात कागद नेहमी मऊ पडत असल्यामुळे तो कुरकुरीत वाजतो हे मी दुसऱ्यांच्या हातांत ऐकले होते. मी तेच पान चारपाचदा उलटले. बोटांना कागदाची खरखर लागत होती आणि ती किंचित अप्रियच वाटत होती.

हात कोरडे झाल्यावर सगळे संपेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ऑगस्टमध्येही माझ्या पर्समध्ये पाच रुमाल होते, साहेबांनी बोलावले की मी धारिका दोन बोटांनीच धरत होते आणि श्रावणातल्या मंगळागौरीचे निमंत्रण मी पुन्हा डोकेदुखीच्या नावावर घालवले. मीच चक्रावले. एका रात्री टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या व्यक्तीने वीस मिनिटे ऐकून घेतले आणि माझ्या जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयातच मानसोपचार विभाग असल्याचे सांगितले. त्वचारोग विभागाच्या वरच्याच मजल्यावर तो होता आणि मी त्या जिन्यापर्यंत सहा वेळा जाऊन आलेली होते.

तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंशी माझ्या नऊ भेटी झाल्या, बहुतेक गुरुवारी. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. घाम लपवण्यासाठी मी काय काय करते याची यादी करायला लावली. ती अकरा कलमांची झाली. मग दर आठवड्याला एकेक कलम सोडायचे, सोप्यापासून सुरुवात करायची आणि आपण मनात काय होईल म्हणत होतो व प्रत्यक्षात काय झाले, ते दोन रकान्यांत लिहायचे. पहिल्या आठवड्यात काउंटरवर न ठेवता किराणा दुकानदाराच्या हातात सुटे पैसे दिले. त्याने ते न बघता गल्ल्यात टाकले. चौथ्या आठवड्यात मला हात मुद्दाम ओले करून शिपायाकडून चहाचा पेला घ्यायचा होता. पेला हातातून निसटला, चहा आवक नोंदवहीवर सांडला, आणि शिपाई म्हणाला, ‘मॅडम, आज साखर जास्त झालीय, मुंग्या येतील.’ दुसऱ्या रकान्यात मी ते वाक्य जसेच्या तसे लिहिले.

सातव्या कलमाने मात्र मला हादरवले. माझ्याबद्दल काय वाटते, हे तीन सहकाऱ्यांना सरळ विचारून यायचे होते. दोघींना माझ्या घामाचा पत्ताच नव्हता. तिसऱ्या, वयाने मोठ्या असलेल्या बाई, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘खरं सांगू? तुम्ही हळदीकुंकवाला येत नाही, कुणाच्या हातात हात देत नाही. आम्ही तुम्हाला शिष्ट समजत होतो.’ ओल्या हाताची किळस येईल या भीतीने मी दहा वर्षे जे टाळले, त्याचा त्यांनी लावलेला अर्थ हा होता. मी तिथेच त्यांना सगळे सांगितले. त्यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा तो भिजलेलाच होता, कारण अशा वेळी यंत्राचाही इलाज चालत नाही.

मधल्या काळात गणपती आले. सात सप्टेंबरला चतुर्थी होती आणि गावी पाहुण्यांनी भरलेल्या घरात ट्रे मांडून बसणे शक्य नव्हते, त्यामुळे दोन आठवडे बैठका चुकल्या आणि गौरी जागवण्याच्या रात्रीपर्यंत तळहात जवळपास पूर्वीसारखे झाले. भुवईवर टाक्याची खूण असलेली चुलत बहीण मला ओढू लागली. मी चक्कर येते असे न म्हणता खरे कारण सांगितले. ती क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, ‘मग मनगट धर की गो, हात कशाला धरतेस?’ आम्ही एकमेकींची मनगटे धरून फुगडी घातली. बावीस वर्षांत ही युक्ती मला सुचली नव्हती, आणि सांगितले नसल्यामुळे दुसऱ्या कुणाला सुचण्याचा प्रश्नच नव्हता.

कार्यालयातल्या प्रकरणाचा शेवट संथपणे झाला. २० मे रोजी मी वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून हजेरीसाठी पर्यायी व्यवस्था मिळावी असा अर्ज केला होता. त्यावर आवक क्रमांक मीच टाकला आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्काही मीच मारला. अर्ज करणाऱ्यांनी प्रमाणपत्रावर निदानाबरोबर ‘बोटांचे ठसे उमटण्यास अडथळा’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत. माझ्या पहिल्या प्रमाणपत्रात ते नव्हते, म्हणून ते जुलैमध्ये त्रुटीच्या शेऱ्यासह परत आले. दुसरे प्रमाणपत्र दिल्यावर मंजुरीपर्यंत मला हजेरीपटावर सही करू दिली गेली आणि डिसेंबरात चेहरा ओळखणारे यंत्र बसले. कापलेल्या तीन रजा परत मिळाल्या नाहीत.

सध्या मी रविवारी संध्याकाळी वीस मिनिटे ट्रेमध्ये हात ठेवून बसते. तेवढ्या वेळात फोन घेता येत नाही, म्हणून नवरा मला बातम्या वाचून दाखवतो. एखादा रविवार चुकला तर गुरुवारपर्यंत कागद मऊ पडू लागतात. पर्समध्ये रुमाल एकच असतो.

२०२५ च्या शिमग्याला गावी गेले तेव्हा पालखी नाचवून झाल्यावर भावाचा बारा वर्षांचा मुलगा प्रसाद घेऊन आला. नारळाचा तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला आणि बोटे पटकन चड्डीला पुसली. ते पुसणे मी ओळखले. मी त्याच्या आईला बाजूला घेऊन विचारले की हा झोपलेला असताना याचे हात कसे असतात. भाऊ मध्येच म्हणाला, ‘काय तू पण! कोकणात घाम कुणाला येत नाही?’ मी त्याच्या खिशातले पेन काढून घेतले आणि शिमग्याच्या वर्गणीच्या पावतीमागे त्वचारोग विभागाचा वार, केसपेपरच्या खिडकीची वेळ आणि ‘साडेआठच्या आत रांगेत उभे राहणे’ एवढे लिहून दिले.